चंद्री कुणाची?

सोजराक्काच्या किटलीतलं दूध मी मापात ओतून घेतलं आणि तेच दूध परत तिच्या किटलीत ओतलं. माझ्या हातानं. डेअरीसमोरच्या रांगेत तीस-पस्तीस माणसं उभी होती, त्यात निम्म्याहून जास्त बायका.

"का गं वैजू? दुधात पाणी हाय?" सोजराक्कानं विचारलं.

"नाही."

"नासलंय?"

"नाही आक्का."

"मग?"

उत्तर माझ्या मागच्या खुर्चीतून आलं. तिथं मामा बसले होते, म्हणजे माझे सासरे रंगराव, गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "संस्था सभासदाचं दूध घेती. सभासद दिनकर हुता, त्यो गेला. आता त्या घरचा सभासद त्येचा भाऊ किसना. किसनाच्या नावावर घाल, न्हाईतर घरी न्हे."

दिनकर म्हणजे सोजराक्काचा नवरा. महिन्यापूर्वी उसाची ट्रॉली उलटून गेला. दोन मुली, एक म्हैस आणि सोजराक्का एवढं मागं राहिलं. संस्थेचा नेम असा की, घरटी एक सभासद, आणि ज्याची म्हैस तो सभासद. नेमात 'पुरुष' असा शब्द कुठंच नव्हता. गरजच पडली नव्हती. शेण, वैरण, पाणी, धार हे सगळं बायकांनी करायचं आणि सभासद म्हणून नाव पुरुषाचं लागायचं, यात कुणाला काही वावगं दिसतच नव्हतं.

"दिराच्या नावावर दूध घातलं की उद्या म्हैस त्येची," सोजराक्का म्हणाली. "म्हैस त्येची झाली की गोठा त्येचा. मग मी आन् माझ्या पोरी कुणाच्या, त्ये बी सांगा."

"रांग थांबलीया," मामा म्हणाले.

ती रडली नाही, भांडलीही नाही. किटली उचलून बालवाडीच्या दारात गेली आणि ते सगळं दूध तिथल्या पोरांना वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी. असं आठ दिवस चाललं. रोज ती किटली पुढं करायची, रोज मी परत करायची, आणि रोज ती रिकामी किटली हलवत घरी जायची. बालवाडीतली पोरं तेवढी गुबगुबीत व्हायला लागली.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, सुट्टीच्या दिवशी घरी यायचा. बारावी शिकलेली सून आयतीच घरात होती, म्हणून मामांनी मला डेअरीत दुधाचं फॅट काढायला, म्हणजे मोजायला, बसवलं होतं. चेअरमनची सून म्हणून गाव मान द्यायचं, आणि त्या मानाची मला चटक लागली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. सोजराक्काचं दूध परत करताना माझी मान खाली जायची, पण हात थांबत नव्हता. त्या हाताचा मला राग यायचा.

त्याच वर्षी कोल्हापुरात बायकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. प्रत्येक संस्थेनं एक बाई पाठवायचीच असं वरून पत्र आलं, म्हणून मामांनीच मला पाठवलं. "दोन दीस वडापाव खाऊन ये," म्हणाले. तिथं एका वकीलबाईंनी आम्हाला गुलाबी कव्हरचं एक पातळ पुस्तक दिलं. जगातल्या देशांनी मिळून एक करार केला आहे, बाई आणि पुरुष यांच्यात भेदभाव करायचा नाही म्हणून, आणि आपल्या सरकारनं तो त्र्याण्णव साली मान्य केला आहे, असं त्यांनी सांगितलं. त्यातलं चौदावं कलम खास खेड्यातल्या बायकांसाठी होतं. मी ते पुस्तक फॅटच्या नळ्यांच्या पेटीत, कापसाखाली ठेवून दिलं होतं. नवव्या दिवशी मी ते घरी आणलं.

मामा जेवायला बसले होते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी चौदावं कलम वाचून दाखवलं. खेड्यातल्या बाईला गट बांधायचा, सहकारी संस्था काढायचा हक्क आहे, कमाईची संधी पुरुषाच्या बरोबरीनं मिळाली पाहिजे, वगैरे.

मामांनी घास पुरता चावून खाल्ला आणि विचारलं, "ह्ये कुटं ठरलं?"

"न्यूयॉर्कला. युनोमध्ये."

"न्यूयॉर्कात म्हशी हायत्या का गं?"

"मला ठाऊक नाही मामा."

"मग त्येंनी आमच्या गोठ्यात कशाला नाक खुपसायचं?"

"पण सही आपल्या सरकारनं केली आहे."

"सरकारनं केली असंल. म्या न्हाई केली." त्यांनी ताटात हात धुतला आणि विषय संपवला.

आत्ती एक अक्षर बोलल्या नाहीत. तशा त्या कधीच बोलत नसत. चाळीस वर्षं त्या घरात आत्तींचा आवाज फक्त गोठ्यात ऐकू यायचा, चंद्रीशी बोलताना. चंद्री ही आमची म्हैस. उंच, काळी, कपाळावर चांद, आणि मिजास तर विचारू नका. भांडी घासताना मात्र आत्तींनी मला हळूच विचारलं, "त्या पुस्तकात म्हशीचं काय लिव्हलंय?"

"म्हशीचं नाही आत्ती, बाईचं लिहिलंय."

"परत वाच."

मी राखेच्या हातानंच पान उघडून पुन्हा वाचलं.

"किती देशांनी सह्या केल्यात म्हनं?"

"दीडशेच्या वर."

"आन् आपली संस्था तेवढी ऱ्हायली," आत्ती म्हणाल्या, आणि तवा घासायला लागल्या.

चार दिवसांनी संस्थेची वार्षिक सभा होती, मारुतीच्या देवळापुढच्या पटांगणात. पुढं सतरंजीवर सभासद, मागं पिंपळाखाली बायका, चहा करायला. दरवर्षी तसंच असायचं. सगळे विषय संपले तेव्हा मी सोजराक्काचा अर्ज घेऊन उभी राहिले. अर्ज वाचला, मग ते गुलाबी पुस्तक उघडून चौदावं कलमही वाचलं. पहिल्यांदा कुणाला काही समजलं नाही. समजलं तेव्हा हशा झाला.

"चेअरमन, सूनबाईंस्नी युनोत पाठवा की!" कुणीतरी ओरडलं.

किसना उठून म्हणाला, "आमच्या घरचा सभासद मी हाय. घरटी एक, ह्यो नेम हाय का न्हाई?"

"हाय," मामा म्हणाले. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. "नेम जगासाठी बदलत न्हाई. घरटी एक सभासद. ज्याची म्हैस, त्यो सभासद. आन् सभासदाचं दूध. सेक्रेटरी, ठराव म्हनून लिव्हून घ्या, परत कुनी ह्यो विषय काढायचा न्हाई."

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. सगळ्यांनी हात वर केले. मी खाली बसणार, एवढ्यात पिंपळाखालून आवाज आला.

"मग सभासदानंच धार काढावी."

एवढंच. आत्ती चहाचं पातेलं तसंच चुलीवर सोडून उठल्या, पदर खोचला आणि घराकडं चालू लागल्या. चहा उतू जाऊन चूल विझली. मामांच्या तोंडावर मी पहिल्यांदाच काहीतरी वेगळं बघितलं. त्यांना आत्तींचा आवाज चारचौघांत कसा लागतो, हेच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्ती अंथरुणातून उठल्या नाहीत. जाग्या होत्या, नुसत्या भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. मामांनी दोनदा खाकरून बघितलं. मग स्वतःच चरवी घेऊन गोठ्यात गेले. रेडकू पाजलं, ओढून बाजूला बांधलं, खाली बसले आणि सडाला हात लावला. चंद्रीनं मान वळवून कोण आहे ते पाहिलं, आणि पान्हा चोरला. म्हैस हात ओळखते. ज्या हातानं रोज चारलं, खाजवलं, त्या हाताला ती दूध देते. दुसऱ्या हाताला देईलच असं नाही, आणि चंद्री तर मुळीच देणारी नव्हती. तासाभरानं मामा पावशेर दूध घेऊन बाहेर आले. ते गेल्यावर आत्ती उठल्या, गोठ्यात जाऊन रेडकू मोकळं सोडलं. "पी माझ्या लेकरा," म्हणाल्या. दूध साचून म्हशीला तडस लागायला नको, आणि चरवीतही एक थेंब पडायला नको.

सगळं गाव एका रात्रीत पेटून उठलं असं मी सांगणार नाही. पहिल्या दिवशी फक्त सहा घरांतल्या बायका धारेला बसल्या नाहीत. कुणाचं काही ठरलं नव्हतं, कुणी सभा घेतली नव्हती. नदीवर धुणं धुताना ज्या बायकांनी विचारलं त्यांना आत्तींनी सांगितलं, ज्यांनी विचारलं नाही त्यांना नाही. दुसऱ्या दिवशी सव्वीस घरं झाली. दोघींना नवऱ्याचा मार बसला. त्यातली एक सुजलेला गाल घेऊन मुद्दाम डेअरीवरून फिरून गेली, रिकाम्या हातानं. तिसऱ्या दिवशी टँकर आला, ड्रायव्हरनं कॅनमध्ये डोकावून पाहिलं, दोनदा हॉर्न वाजवला आणि तसाच पुढच्या गावाला निघून गेला. गावातली रेडकं मात्र तीन दिवस नुसती लोळत होती.

आता जे सांगते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मामा नाहीत, आत्तीही नाहीत, तेव्हा सांगायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी घरामागच्या परड्यात गेले होते. येताना गोठ्यात कंदील दिसला. मला वाटलं आत्ती विरघळल्या. आत डोकावले तर आत्तींचं हिरवं लुगडं चंद्रीच्या पोटाशी बसलेलं, डोक्यावरून पदर. आणि पदराखालून पांढऱ्या मिशा.

मामा होते. कासोटा नीट बसला नव्हता, पदर दातांत धरला होता, आणि बारीक आवाजात "चंद्रे, बाय माझे, सोड गं," असं चाललं होतं. लुगड्याच्या वासानं म्हैस फसते असं कुणीतरी सांगितलं असणार. चंद्रीनं मान वळवली. लुगडं हुंगलं. क्षणभर तीही विचारात पडली. मग मागचा पाय असा झाडला की चरवी एकीकडं आणि चेअरमन शेणात.

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात माझ्या खांद्यामागून आत्ती आत गेल्या. मला वाटलं, आता या हसतील, निदान बोलतील तरी चार शब्द. आत्तींनी आधी चंद्रीच्या पाठीवर हात फिरवून तिला शांत केलं. मग मामांना हात दिला.

"लुगडं नेसून भागत न्हाई," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं पाटं उठाय लागतंय."

"तू बस आता," मामा म्हणाले. आवाजात चेअरमन शिल्लक नव्हता. "लोक डेअरीवर यायचं हायती. मला तोंड दावाय जागा न्हाई ऱ्हायली."

"अर्ज घेतला का सोजराचा?"

मामा लुगड्यावरचं शेण झटकायला लागले.

"मग मी डेअरीवरच येते," आत्ती म्हणाल्या.

सात वाजता डेअरीपुढं सभासद जमले होते. एकाच्या कपाळाला टेंगूळ, एक लंगडत होता, किसनाचा पंजा सुजला होता. एकमेकांकडं बघून कुणी हसत नव्हतं, जो तो आपापल्या गोठ्यात काय झालं ते मनात ठेवून होता. कोण कोण लुगडं नेसलं होतं कोण जाणे. आत्ती आल्या, बरोबर सोजराक्का, आणि त्यांच्या मागं आणखी बायका. दूध घालायला नव्हे, चहा करायलाही नव्हे, अशा त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"वैजू, सभेतला ठराव वाच," आत्ती म्हणाल्या.

मी वही घेतली. सेक्रेटरींनी मामांकडं बघितलं, मामांनी काही खूण केली नाही. मी वाचलं, "घरटी एक सभासद. ज्याची म्हैस, तो सभासद."

"बरं," आत्ती म्हणाल्या, "दिनकर गेला. त्येच्या माघारी म्हैस बायकूची का भावाची?"

"भावाची," किसना म्हणाला.

आत्तींनी समोरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली. "समद्यांचं हेच म्हननं हाय? उद्या तुमी डोळं मिटलं तर तुमची म्हैस तुमच्या भावानं सोडून न्यायची, आन् बायकापोरांनी बगत बसायचं?"

प्रत्येकानं आपापला भाऊ डोळ्यांपुढं आणला असावा. मग मागून एक म्हातारा खेकसला, "माझ्या भावाला शेपटी बी देनार न्हाई!" आणि चार जणांनी माना हलवल्या.

"पर घरटी एक सभासद, त्येचं काय?" किसना म्हणाला. "सोजर झाली तर मी जानार. मी का जाऊ?"

"त्येचंच इचाराय आले मी," आत्ती म्हणाल्या, आणि मामांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "चेअरमन."

मामांना त्यांनी त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. कुठल्याच नावानं मारली नव्हती.

"चंद्री कुणाची?"

मामांचा चेहरा उतरला. मला कळेना. चंद्री आमचीच, तिच्यापायीच तर मामा सभासद होते.

"लगीन हून आले तवा माझ्या बानं आंदणात मोरी म्हैस दिल्ती," आत्ती म्हणाल्या, मामांना नव्हे, सगळ्यांना. "ह्येंच्या दारात तवा शेळी बी नव्हती. मोरीची गवळण झाली, गवळणीची काशी, काशीची आनी एक, तिची ही चंद्री. टोणगं इकलं, लेकी ठेवल्या. म्हशीचं घरानं लेकीवरनं चालतंय. चाळीस वर्सांत एक म्हैस बाजारातनं आणली असली तर सांगा." आणि पुन्हा तेच विचारलं, "चंद्री कुणाची?"

मघाचा म्हातारा पुटपुटला, "मोरी व्हय. वरातीच्या मागं चालत आलती. म्या बगितलीया."

मामा हट्टी होते, तोंडाचे फटकळ होते, पण खोटं बोलणारे नव्हते. हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं नुसती चाळवत होती. उजव्या हाताच्या नखांत अजून शेण होतं.

"तुजी," ते म्हणाले.

"मोठ्यानं सांगा. मागं ऐकू गेलं न्हाई."

"चंद्री हिची हाय!"

"मग घरटी एक सभासद, ज्याची म्हैस त्यो सभासद," आत्ती शांतपणे म्हणाल्या. "आमच्या घरचा सभासद मी. तुमी न्हाई. आन् सभासद न्हाई त्यो चेअरमन कसा, त्ये तुमच्या नेमात बगा."

मग सेक्रेटरींनाच हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घालवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही. बायका हसायला लागल्या. सोजराक्का दिनकर गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसताहसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मामांनी वही स्वतःकडं ओढली, सभेतल्या ठरावातल्या 'घरटी एक सभासद' एवढ्यावर आडवी रेघ मारली. "घरटी एक, ह्यो नेम रद्द," ते म्हणाले. "बाई असू दे न्हाईतर गडी, अर्ज घ्यायचा. सेक्रेटरी, लिव्हा." मग माझ्याकडं वळून, हळू आवाजात, "त्ये न्यूयॉर्कचं पुस्तक दे हिकडं. काय काय लिव्हलंय त्येंनी, आधीच बगितल्यालं बरं."

त्या संध्याकाळी सोजराक्का रांगेत पहिली होती. मी तिचं दूध मापात ओतलं, नाव लिहिलं, आणि माप रिकामं झाल्यावर बराच वेळ तसंच हातात धरून उभी राहिले. "परत देतीस का काय गं?" तिनं विचारलं. त्या आठ दिवसांची माफी मागायचं माझ्या मनात होतं. तोंडातून निघालं नाही. ती पुढं मी बऱ्याच वर्षांनी मागितली.

आत्ती चंद्रीखाली बसल्या, पण एकट्या नाही. रोज संध्याकाळी त्यांनी मामांना शेजारी बसवलं. आधी चारायला लावलं, मग खाजवायला, मग शेण काढायला. "आधी वळख पडू दे, मग हात लावा," म्हणायच्या. मामा कुरकुरायचे, शिव्या द्यायचे, पण बसायचे. दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी चंद्रीनं त्यांना पान्हा सोडला. पाच लिटर दूध निघालं. मामा ती किटली दोन्ही हातांनी सांभाळत, गल्लीतून सगळ्यांना दाखवत डेअरीत आले. नवा चेअरमन अजून निवडला नव्हता, तरी खुर्चीकडं गेले नाहीत. रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा मी फॅट काढलं आणि वहीत आत्तींचं नाव लिहिलं.

मामांनी वाकून वाचलं. "अगं, धार म्या काढलीया."

"हो मामा."

"पाटं चारला उठून. वैरण बी म्याच टाकली."

"हो."

"मग?"

"म्हैस आत्तींची आहे मामा," मी म्हणाले. "ज्याची म्हैस, त्याचं दूध. तुमचाच नेम."

मामांनी वही स्वतःकडं ओढून नाव पुन्हा वाचायला घेतलं. मागं रांगेत सोजराक्का किटली घेऊन उभी होती.

"चेअरमन," ती म्हणाली, "रांग थांबलीया."